कोमट पाण्यातला अंगारा

घाटकोपरच्या त्या सोसायटी हॉलमध्ये गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर धाकूबाबा, आणि समोर सतरंजीवर आडव्या मथुराबाई. पोट पाण्यानं टम्म, डोळे हळदीसारखे पिवळे.

"डॉक्टर काय बोलला?" बाबांनी माइकवर विचारलं.

"लिव्हर सिरॉसिस," मुलगा दिपेश म्हणाला. "आई दारूला कधी शिवली नाय. शुगर नाय, आधी कधी कावीळ झाली नाय. कारणच सापडत नाय म्हणतात."

"वर्षभर मशिनी फिरवल्या आणि कारण सापडत नाय! आपल्याला दोन मिनटं पुरे."

बाबांनी तांब्यातलं तीर्थ तोंडात घेतलं, मथुराबाईंच्या पोटाला ओठ लावून चोखलं आणि ताटात थुंकले. केसांचा काळा गुंता, त्यात टाचणी! हॉलभर जयजयकार झाला.

"करणी! घरातलंच माणूस खायला घालतंय. बाहेरून आलेली बाई."

सगळ्या माना सुनेकडे, नेत्राकडे वळल्या. पण लोक पोटाकडे बघत होते तेव्हा नेत्रा बाबांच्या तोंडाकडे बघत होती. तासभर न थांबलेलं ते तोंड तीर्थ घेतल्यावर गप्प झालं होतं आणि डावा गाल फुगला होता.

"पुन्हा काढा," ती म्हणाली. "आधी तोंड उघडून दाखवा."

"बघा, करणीवालीलाच झोंबलं!" बाबा माइकवर ओरडले.

दिपेशनं तिच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. नेत्रानं गाल चोळला नाही. ती स्टेजवर चढली आणि तांब्या ताटात उपडा केला. टाचण्या खोचलेले आणखी तीन गुंते पडले, पुढच्या तीन पेशंटांचे. बाबा मागच्या दारानं पसार झाले. तरी एका बाईनं त्या गुंत्यांवर हळदकुंकू वाहिलंच.

त्याच दुपारी मथुराबाईंना रक्ताची उलटी झाली. इस्पितळात डॉक्टर श्वेता यांनी जुने केसपेपर चाळले. प्रत्येकावर एकच उत्तर होतं, 'इतर औषधे: नाही'.

"औषधं राहू देत," त्या म्हणाल्या. "तोंडात जातं ते सगळं सांगा."

"सगळं म्हणजे... देवाचं पण?" नेत्रानं विचारलं. "बाबांचा अंगारा घेतात. तीन वर्षं."

"अगो, ता काय औषध आसा?" मथुराबाई कण्हल्या. "देवाचो अंगारो तो! माझे गुडघे तेनाच बरे झाले."

आखडलेले गुडघे काही आठवड्यांत सुटले होते, हाच तर बाबांचा पहिला चमत्कार. पुडी तपासायला गेली. राखेत सांधेदुखीच्या गोळ्यांची पूड निघाली. आठवड्यातून एकदा, रक्त तपासत द्यायचं औषध मथुराबाईंच्या पोटात रोज जात होतं आणि लिव्हर पोखरत होतं.

"वर्षापूर्वी कळलं असतं तर काही करता आलं असतं," डॉक्टर म्हणाल्या.

मथुराबाई अकराव्या दिवशी गेल्या. शेवटपर्यंत अंगारा मागत होत्या. दिपेशला बायकोकडे मान वर करून बघता आलं नाही आणि नेत्रानं त्याला माफही केलं नाही.

बाबा आता मुलुंडला बसतात. हॉलबाहेर दर गुरुवारी नेत्रा उभी असते. लोक शिव्या घालतात, एकीनं अंगावर पाणी ओतलं. ती हटत नाही.

"बाबा एकच गोष्ट खरी बोलला होता," ती सांगते. "घरातलंच माणूस खायला घालत होतं. रोज सकाळी अंघोळ करून, कोमट पाण्यात चिमूटभर अंगारा ढवळून मीच द्यायची सासूबाईंना. डॉक्टर विचारायचे, दुसरं काही देता का? मी नाही म्हणायची. तुम्ही तरी असं करू नका. जे खाता ते डॉक्टरांना सांगा. आणि गुडघा राखेनं बरा झाला, तर आधी ती राख तपासून घ्या."