वासराचा दोर

तांबूस, तप्त, तरंगती संध्याकाळ. स्पेनच्या राजाचा अंमल असलेल्या मेक्सिकोतला तो अफाट माळ. सोनेरी धूळ, सोनेरी गवत, आणि त्या सोन्यातून चाललेला, काळजीनं काळवंडलेला अन्सेल्मो.

अन्सेल्मो मालकाच्या रानगुरांमागे दौडणारा घोडेस्वार. लांब काठीला बसवलेलं चंद्रकोरीच्या आकाराचं पातं हे त्याचं हत्यार. भरधाव घोड्यावरून ते जनावराच्या मागच्या पायावर फिरवायचं. शीर तुटे, जनावर बसे. कातडं मालकाला, मांस गिधाडांना. हात इतका सरावलेला की डोळ्यांना विचारतच नसे.

गेल्या आठवड्यात धुळीच्या लोटात हातानं असंच न विचारता एक वासरू पाडलं. तांबड्या गाईचं, दूधपितं. आता वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यानं कातडं गोल गोल चिरत एकच लांब वादी काढली, पिळली आणि दोर केला.

आज घरी हसिंता तापानं निजली होती. तिचं दूध आटलं होतं, आणि तान्ही रोसाउरा रडून रडून गप्प झाली होती.

"पातं ठेवून जा," हसिंता नवऱ्याला म्हणाली. "दोर ने. ती तांबडी अजून भरल्या सडांनी हिंडतेय. जिवंत आण तिला."

दोर टाकणं त्याला कधी जमलंच नव्हतं. फेकला, गवतात पडला. फेकला, काटेरी झुडपात अडकला. तो सोडवायला अन्सेल्मो खाली उतरला, आणि गाय वळली. रुंदशिंगी, रानवट, रक्तवर्णा. पळाली नाही. अंगावरही आली नाही. आली ती दोराकडे. तिनं तो हुंगला आणि चाटू लागली, नुकत्या जन्मलेल्याला चाटावं तशी.

तिला पान्हा फुटला.

अन्सेल्मो गोंधळला. गुडघे टेकून त्यानं कमरेची बुधली सडांखाली धरली. दूध कोमट होतं. पोर जगणार म्हणून आनंद होत होता, आणि रडूही येत होतं. दोन्हीतलं खरं कोणतं, त्याला कळेना. दोर ओढावा की सोडावा, तेही कळेना.

शेवटी दोराचं टोक हातात धरून तो नुसता चालू लागला.

दारात हसिंता भिंतीला धरून उभी होती. "पकडलीस?"

त्यानं मागे पाहिलं. मावळतीच्या मंद उजेडात गाय चाटत चाटत येत होती. दोराच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, आणि मध्ये वासरू.