गवताचं औषध

धनेशने मेलेली कोंबडी तंगड्यांना धरून उचलली, हातात तोलून पाहिली आणि चुलीवर पाणी ठेवायला सांगितलं. इंदुबाईंना शिसारी आली. कोंबडीच्या चोचीतून हिरवट लाळ गळत होती आणि हा पठ्ठ्या तिच्या मांड्या चाचपत होता.

धनेश त्यांचा पुतण्या, धाटावला केमिकल कंपनीत कामाला. इंदुबाईंची लेक दिपिका बाळंतपणाला माहेरी, गडबला यायची होती. परसात गवत कमरेएवढं माजलेलं, त्यातून एखादं जनावर निघायचं, म्हणून त्यानेच तणनाशक मारलं. तणनाशक म्हणतं कोण इथे? गवताचं औषध म्हणतात. विषाला औषध म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. कंपनीत हातमोजे, तोंडाला मास्क. घरी मात्र स्वारी हाफपँटवर, अनवाणी, गालात गुटखा.

इंदुबाईंनी पेणच्या दुकानदाराला खोदून विचारलं होतं. फवारलेलं नीट वाळेपर्यंत कोंबड्या सोडू नका, तो म्हणाला. त्यांनी रात्रभर जास्तच कोंडल्या. दिपिकासाठी वाढवलेल्या गावठी कोंबड्या, नुकत्या अंड्यावर आलेल्या. सकाळी खुराडं उघडलं तशा सगळ्या सवयीने पाण्याच्या घमेल्याकडे धावल्या. त्याच घमेल्यात धनेशने पंप धुतला होता आणि पाणी तसंच ठेवलं होतं. दुपारपर्यंत एकेकीने मान टाकली.

"औषध तर संपलं व्हतं काकी," धनेश म्हणाला. "रिकामा पंप खंगाळला निस्ता."

"मंग पी ते पाणी. घमेल्यात हाय अजून."

तो हसला, कोपऱ्यात पचकन थुंकला. मित्र यायचे होते. मसाल्यात शिजलं की काही राहत नाही, असं त्याचं म्हणणं. इंदुबाई त्याच्या त्या हावऱ्या बोटांकडे बघत राहिल्या. याच हातांनी हा उद्या दिपिकाचं बाळ घेणार.

"ठेव खाली," त्या म्हणाल्या. "कुणाच्या पोटात नाय जायच्या त्या."

विहिरीपासून लांब त्यांनी एकटीने खोल खड्डा खणला. धनेश मदतीला आला नाही. तोंड वाकडं करून बाईकवर बसला आणि वडखळला जेवायला गेला. कोंबड्या पुरून, वर माती दाबून इंदुबाईंनी हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतले. वास जाता जाईना.

संध्याकाळी रोजची वेळ झाली आणि हात आपसूक डब्यात गेला. "ये ये ये" म्हणत त्यांनी परसात मूठभर कणी फेकलीसुद्धा. कुंपणाखालून शेजारच्या मुनीराच्या कोंबड्या धावत आल्या. इंदुबाई काठी घेऊन तशाच धावल्या, त्यांना हाकललं आणि पिवळ्या पडत चाललेल्या गवतात फतकल मारून बसत हाताने चाचपू लागल्या.

काय शोधतेस, काय मारलंय गवतावर, मुनीराने कुंपणापलीकडून विचारलं.

"विष मारलंय गो," त्या म्हणाल्या. "तुझ्या कोंबड्या कोंडून ठेव."

आणि अंधार पडेपर्यंत एकेक दाणा वेचत राहिल्या.