डाव्या गोळ्याचं चामडं

शाईचा रूळ मी केला, यात खोटं काही नाही. आसपासच्या छापखान्यांतले लोक तो बघायला येतात, मालक मला पुढे करतात आणि मी सरस किती, काकवी किती, कुठवर आटवायचं, सगळं हातचं न राखता सांगतो. लोक माना डोलावतात. मग त्यातला एखादा जुना माणूस हमखास विचारतो, "आणि ते गोळ्यांनी शाई लावायचे, तुमचे मेहुणे, ते कुठे असतात हल्ली?" मी म्हणतो, "त्यांचा हात गेला हो." सहा वर्षं मी हेच सांगत आलो आहे. ऐकणारा हळहळतो, आणि मी पाणी प्यायला माठाकडे जातो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मला छापखान्यात त्यांनीच आणलं. एका यंत्रावर दोन माणसं लागत. दाजी शाई लावायचे, मी कागद ठेवून दांडा ओढायचो. अशी अठरा वर्षं आम्ही समोरासमोर काढली. बायकोचं तोंड मी पाहिलं नसेल इतकं त्यांचं पाहिलं.

तेव्हा शाई लावायला दोन गोळे असायचे. लाकडी मूठ, तिच्यावर पिंजलेली लोकर आणि वरून ताणून बांधलेलं मेंढीचं चामडं. दोन हातांत दोन गोळे घ्यायचे, दगडावरची शाई उचलायची, ते एकमेकांवर घोळवून शाई सारखी करायची आणि जुळवलेल्या खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या अक्षरांवर, थापत जायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी एकदा हौसेनं करून बघितलं, तर अक्षरांची पोटं शाईनं बुजली आणि खिळे जुळवणारा म्हातारा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दाजींचा मात्र त्यात हातखंडा होता. त्यांच्या हातचा ताव उजेडात धरला तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच काळा रंग दिसायचा.

चामड्यांचं काम माझ्याकडे होतं. रोज संध्याकाळी गोळे सोडून चामडी भिजत घालायची. कशात, ते विचारू नका; आमच्याकडे येणारे लेखक नाकाला रुमाल लावूनच यायचे. सकाळी ती पायाखाली तुडवून, पिळून, पुन्हा तुडवून मऊ करायची. पाणी त्यात नावालाही राहता कामा नये, कारण शाई तेलाची. जिथे ओल राहील तिथे ती बसत नाही आणि कागदावर फिकट डाग उठतो. शाई घोटायचं काम दाजींचं. त्यांनी माझं चामडं तपासायचं नाही आणि मी त्यांची शाई तपासायची नाही, हा आमच्यातला न बोललेला करार होता. तपासणं म्हणजे अपमान. अठरा वर्षांत दाजींनी मी दिलेल्या चामड्यावरून एकदाही बोट फिरवून पाहिलं नाही.

रूळ करायचं माझ्या डोक्यात आलं ते त्यांच्याच खांद्यांपायी. दिवसभर गोळे थापून ते घरी गेले की ताई त्यांच्या खांद्यांना तेल चोळत बसायची. मला वाटलं, शाई लावायचं काहीतरी गोल, फिरणारं करता आलं तर यांचा त्रास वाचेल. पहिल्यांदा लाकडावर चामडं गुंडाळून शिवलं. शिवणीची रेघ दर पानावर उमटली. मग शिवण नको म्हणून सरस आणि काकवी एकत्र आटवून पत्र्याच्या नळीत लाकडाभोवती ओतली. पहिला रूळ खिळ्यांना असा चिकटला की सोडवता सोडवता नाकी नऊ आले. दुसऱ्याला भेगा पडल्या. तिसरा चांगला होता, पण सकाळी बघतो तर मुंग्यांनी भरलेला.

"अहो, छापखाना काढलाय की मुंग्या पाळल्यात?" बायको म्हणाली. तिची दोन पातेली मी कायमची वाया घालवली होती.

चौथा रूळ जमला. मऊ, गुळगुळीत, कुठे जोड नाही. मी तो कापडात गुंडाळून, तान्हं मूल न्यावं तसा छापखान्यात नेला. आधी आपणच करून बघावं म्हणून सगळ्यांसमोर फर्म्यावर, म्हणजे जुळवून बांधलेल्या पानावर, फिरवला. पहिल्याच तावाची एक कड फिकट आली. हात बसला नव्हता, दुसरं काही नाही. पण दाजी जोरात हसले.

"मेव्हणे, हे लाटणं घरून मागायला येतील हं," ते म्हणाले. "जेवणाच्या आत परत नेऊन दे."

सगळे हसले. खिळे जुळवणारा म्हातारा तर डोळे पुसायला लागला. आता मागे वळून पाहतो तेव्हा कळतं, की यात राग येण्यासारखं काही नव्हतं. दाजी माझी अशीच थट्टा करत आले होते आणि मीही त्यांना सोडत नव्हतो. पण चार महिने मी त्या रुळापाठी वेडा झालो होतो, आणि ज्याच्यासाठी केला तोच हसला. मला ते लागलं. मी रूळ पुसला आणि कुणाशी न बोलता घरी गेलो.

मालकांनी दोन दिवसांनी तुलना करायचं ठरवलं. एकच पान, आधी दोनशे ताव गोळ्यांनी, मग दोनशे रुळानं. त्या सकाळी मी चामडी बाहेर काढली. उजव्या गोळ्याचं तुडवलं, पिळलं, अगदी निगुतीनं. डाव्याचं हातात घेतलं आणि थांबलो. मग ते वरवर पुसलं, तसंच लोकरीवर ताणलं आणि बांधून टाकलं. आत ओल होती. मला माहीत होतं. ही चूक नव्हती, हे आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

पहिले वीसेक ताव बरे गेले. मग थापून थापून आतली ओल वर आली आणि पानाच्या डाव्या बाजूला फिकट डाग दिसायला लागले. दाजींनी डाव्या हाताचा जोर वाढवला. मग डाग तर राहिलेच, शेजारची अक्षरंही बरबटली. ते थांबले. गोळे पुन्हा एकमेकांवर घोळवले, पुन्हा थापले, पुन्हा तेच. मी दांडा ओढत होतो आणि वाट बघत होतो, की आता ते चामड्यावरून बोट फिरवतील आणि माझ्या थोबाडीत देतील. त्यांनी गोळ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

दाजींच्या वडलांचा डावा हात म्हातारपणी लुळा पडला होता. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, मलाही. पण मला फक्त त्यांना एक दिवस खजील करायचं होतं. त्या जुन्या दुखण्याशी ते याची सांगड घालतील, असं माझ्या मनातही आलं नाही.

दोनशे ताव पुरे व्हायच्या आत त्यांनी गोळे खाली ठेवले. "हात गेला रे माझा," ते हळूच म्हणाले, फक्त मला ऐकू येईल असं. दुपारी गोळे सोडून चामडी धुवायची तीही मीच धुतली. कुणी बघायला आलं असतं तरी आता त्यात काही सापडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दाजी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडल्याचा निरोप आला. मालक हळहळले. "रूळ मी पहिल्या दिवशीच पसंत केला होता," ते मला म्हणाले. "पण तो फिरवायला दाजीच हवे होते. शाईची नजर त्यांच्याइतकी कुणाला आहे?" म्हणजे मी काहीही केलं नसतं तरी रूळ राहिला असता, आणि दाजीही राहिले असते. तेव्हाच सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं, पण मालकांनी माझी पाठ थोपटली आणि मी ते गिळलं.

एकदा गिळलं की रोज गिळता येतं. दाजी घरी बसले. डावा हात ते उजव्या काखेत धरून ठेवायचे, थंडी वाजल्यासारखा. पेला उजव्या हातानं, जिन्याचा कठडा उजव्या हातानं. दाढीसुद्धा ताई करून द्यायची. त्यांच्या मुलाला, माझ्या भाच्याला, मुलगी झाली, तेव्हा सगळ्यांनी तिला मांडीवर घेतलं. दाजी म्हणाले, "मला नको, माझ्या हातून पडेल." तिला आता चार वर्षं झाली. ती धावत आली की ते एका हातानं तिच्या डोक्यावर थोपटतात आणि बाजूला बसवतात. मी दर सुट्टीला तिथे जातो, जेवतो, हे बघतो आणि घरी येतो. ताई म्हणते, माझ्या भावानं आम्हाला कधी अंतर दिलं नाही. तिनं असं म्हटलं की मी पाण्याचा तांब्या जवळ ओढतो.

असंच चाललं असतं, मी इतका भित्रा आहे. पण गेल्या आठवड्यात भाचा माझ्याकडे आला. तो आमच्याच छापखान्यात खिळे जुळवतो. खिळे ओळीत रचायची जुळणीची पट्टी डाव्या हातात धरावी लागते, आणि आदल्या दिवशी त्याच्या हातातून ती भरलेली पट्टी निसटली होती. असं प्रत्येकाचं कधी ना कधी होतं.

"मामा, मालकांना सांगून मला कागदाच्या कोठारात काम बघ," तो म्हणाला. "आजोबांचा हात गेला, बाबांचा गेला. आता माझा नंबर. लोकांनी काढण्याआधी आपणच उठलेलं बरं."

मी त्याला म्हणालो, वेडा आहेस. तो म्हणाला, "बाबांनाही सगळे तेच म्हणत होते."

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ताईकडे गेलो. ती आत भांडी आवरत होती. दाजी अंगणातल्या बाकावर बसले होते आणि नात जवळच खडे मांडत होती. मी शेजारी बसलो. पहिलं वाक्य मला दोनदा म्हणावं लागलं.

"दाजी, तुमचा हात गेलेला नाही. कधीच गेला नव्हता."

"हे कुणी सांगितलं तुला? कुठला नवा वैद्य गाठलास?"

"त्या दिवशी चामडं ओलं होतं. डाव्या गोळ्याचं. मी ते पिळलंच नव्हतं."

त्यांनी पायाशी आलेला खडा उजव्या हातानं नातीकडे सरकवला. मग म्हणाले, "विसरलास?"

मला सुटायला वाट त्यांनीच करून दिली होती. हो म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे माफ केलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "मुद्दाम."

"का?"

"तुम्ही हसला होतात. सगळ्यांसमोर." मोठ्यानं बोलल्यावर ते इतकं क्षुल्लक वाटलं की मला लाजेनं वर बघवेना.

"डावंच का?"

"उजवा गोळा तुम्ही आधी दगडावर टेकवता. ओल तिथेच कळली असती."

"हं," दाजी म्हणाले. "म्हणजे नीट विचार केला होतास."

त्यांनी काखेतून हात बाहेर काढला आणि गुडघ्यावर ठेवला. मी तो इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मनगट बारीक झालं होतं, दंडाला मांस राहिलं नव्हतं. शेजारच्या उजव्या हाताचा तो धाकटा भाऊ वाटत होता. दाजींनी बोटं मिटली, उघडली. मग नातीला हाक मारली. ती आली. त्यांनी दोन्ही हात तिच्या काखांत घातले आणि तिला उचललं.

उजवी बाजू वर गेली. डावी गेली नाही. पोर तिरकी झाली, त्यांच्या छातीवरून घसरली आणि पायांवर उतरली. तिला तो खेळ वाटला. "आजोबा, परत," ती म्हणाली. त्यांनी आणखी एकदा करून पाहिलं. या खेपेला हात थरथरायला लागला तो थांबेना. सहा वर्षं त्यांनी तो काखेत जपला होता, आणि जपून जपून तो खरंच गेला होता.

"नंतर हं," त्यांनी तिला सांगितलं आणि खड्यांकडे पाठवलं.

रडत रडत मी भाच्याचंही सांगितलं, पट्टी निसटली म्हणून तो काम सोडायला निघालाय ते. त्यांना ते आवडलं नाही. "डोळे पूस," ते म्हणाले. "पोराला आज मीच सांगतो. चामडं ओलं राहिलं होतं, हाताचा दोष नव्हता, एवढं सांगेन. तो पट्टी सोडणार नाही. पण तुझ्या ताईला यातलं काही कळता कामा नये. तिला माहेर म्हणून तू एकटाच उरलायस."

"दाजी, मला तिलाही सांगू द्या. मला हे आता सोसवत नाही."

"मग सोस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी सोसलं ना."

ताई पदराला हात पुशीत बाहेर आली. नात लगेच तिला सांगायला धावली, की आजोबांनी मला उचललं आणि मी घसरले. ताईनं कपाळाला हात लावला.

"अहो, त्या हातानं कशाला उचलायला गेलात? पोर पडली असती म्हणजे?" मग ती माझ्याकडे वळली. "तू इथेच बसलायस ना? तू तरी सांग यांना. तुझं ऐकतात ते."

दाजी माझ्याकडे बघत होते.

"दाजी, ताईचं ऐका," मी म्हणालो. "हात जपा."

"बरं," दाजी म्हणाले, आणि त्यांनी तो हात पुन्हा काखेत घातला.