वरची टाचणी

मी लाल टोपीची टाचणी बोलतेय. हसू नका! माझी उंची तुमच्या बोटाच्या पेराएवढीही नाही, पण मी एका अख्ख्या टेकडीवर बस नेलीय. खोटं वाटतं? मग ऐकाच.

आम्ही शंभर जणी एकाच डबीत जन्मलो आणि थेट बसमार्ग आखणाऱ्या कचेरीत आलो. शहर इतकं फुगत चाललं होतं की भिंतीवरच्या नकाशाला दर वर्षी कडेनं नवा कागद चिकटवावा लागे. निळी टाचणी म्हणजे 'बघू', लाल म्हणजे 'पक्का थांबा'. मला केवढा तोरा! पण सगळे थांबे ठरले आणि मी आपली डबीतच उरले.

कचेरी झाडायला एक मावशी यायच्या. त्या टेकडीवर राहायच्या, वरच्या वस्तीत. तिथं बस जात नसे, म्हणून तासभर पायपीट आणि रोज उशीर. एकदा मोठे साहेब म्हणाले, "मावशी, नवे मार्ग सुरू होईपर्यंत चालवून घेतो. नंतर मात्र सबब चालायची नाही. वेळेत या, नाहीतर दुसरी बाई बघेन." अहो, नव्या मार्गांत वरची वस्ती होतीच कुठे! मला आधी हसू फुटलं, मग रडू आलं.

मावशींनी नकाशावाल्या भाऊंना विचारलं, "भाऊ, आमची वस्ती कुठंय हो यात?"

भाऊंनी चष्मा वर-खाली करत एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं असणार."

"इथं तर काहीच नाही!"

"कागदावर नाही, मावशी," असं म्हणून भाऊ चहाला गेले. मावशींनी डबी उघडली आणि मला नेमकं त्या जागी खुपसलं. "निदान दिसू तरी दे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बैठक. साहेबांची नजर माझ्यावर. "ही कुणी लावली?"

टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी कसली पडतेय! टेबल पुसणाऱ्या मावशी फडकं घेऊनच पुढे आल्या. "साहेब, ती... ती वरची आहे."

बिचाऱ्यांना म्हणायचं होतं, वरच्या वस्तीची. पण कचेरीत 'वरची' म्हटलं की एकच अर्थ, वरून आलेला हुकूम!

"वरची?" साहेब ताडकन उभे राहिले. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! भाऊ, पट्टी आणा, रेघ ओढा."

नकाशा आयुक्तांकडे गेला, माझ्यासकट. "हा टेकडीवरचा थांबा मध्येच कुठून उपटला?"

साहेबांनी छताकडे बोट केलं. "वरून आलाय, साहेब."

आपल्याला माहीत नाही, हे आयुक्त कसं कबूल करणार? "हो हो, माहीत आहे ना मला!" आणि खाडकन सही. मी तर हसून हसून निसटायच्या बेतात!

बस सुरू झाली त्या सकाळी साहेब आले तर कचेरी लख्ख. "मावशी, आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?"

"बसनं आले, साहेब! उभं राहायला जागा नाही, एवढी गर्दी. माझी सून पोटुशी आहे, ती पहिल्यांदा न चालता दवाखान्यात गेली. वरच्या वस्तीला थांबा दिलात, तुमचं भलं होवो."

"वरच्या... वस्तीला?"

"तेव्हाच सांगितलं होतं की, वरची आहे म्हणून!"

साहेबांचं तोंड माझ्या टोपीहून लाल झालं. त्यांनी मला चिमटीत धरलं. संपलं, म्हटलं, आता परत डबी! मावशींच्या हातातलं फडकं खाली पडलं. पण साहेब असे खदखदून हसले की डोळ्यांतून पाणी. त्यांनी अंगठ्यानं मला खोल दाबलं आणि सगळी डबी मावशींच्या हातात दिली.

"घ्या. आणखी कोण कोण सुटलंय, ते दाखवा."

आता माझ्या शेजारी सात जणी आहेत आणि दिवसभर नुसता कलकलाट! तुमच्या गावाचाही असा नकाशा असेल, तर त्यातल्या कोऱ्या जागेला रिकामी समजू नका बरं का. तिथं कुणीतरी चप्पल झिजवत असतं. मला मात्र आता काढायला येऊ नका, पक्कड आणलीत तरी मी हलायची नाही.