नवव्या मजल्याची लिफ्ट

बाबा वारल्यावर त्यांचं कपाट रिकामं करायला मी त्यांच्या कचेरीच्या तळघरात गेले. तिथल्या दोन लिफ्ट त्यांनी तीस वर्षं सांभाळल्या. त्यांचे जोडीदार, मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते, स्टुलावर बसून नटबोल्टचे पाने पुसत होते.

"ये. मॅडमना बसायला खुर्ची नाही हं. त्या डब्यावर टेक. ग्रीस लागेल."

कपाटात चपला, जुना चष्मा, आणि त्या पक्षाची टोपी. देश मूठभर शिकलेल्यांनी बळकावलाय, असं सांगणारा तो पक्ष. मी त्या मुठीतलीच. लोक अशा पक्षांना मत का देतात, यावर अहवाल लिहिते. गेल्या निवडणुकीत मी बाबांना म्हणाले होते, "ते तुम्हाला फसवतायत."

"आणि ते मला कळत नाही, असं तुला वाटतं," बाबा म्हणाले. त्यानंतर आम्ही फक्त औषधांबद्दल बोललो.

"बाबा ही टोपी घालायचे?" मी काकांना विचारलं.

"टकलाला ऊन लागायचं ना! फुकटची टोपी कोण सोडतं?" काका हसले.

दोन्ही लिफ्टवर पाटी होती: फक्त अधिकाऱ्यांसाठी. हत्यारं घेऊन लिफ्टने वर जायला बाबांना मुभा होती. काम झालं की खाली यायचं जिन्याने. गेल्याच्या आधीच्या निवडणुकीत त्या पक्षाचा उमेदवार आला, कॅमेऱ्यांसमोर पाट्या काढायला लावल्या आणि बाबांच्या खांद्यावर हात टाकून लिफ्टने वरपर्यंत गेला. निवडून आल्यावर महिन्याभरात पाट्या परत लागल्या. बसवल्या बाबांनीच.

"आणि तरी पुन्हा त्यालाच मत?"

"तरी. फसवलं, मान्य. पण फसवायला का होईना, तो खाली आला. तुमच्यातलं कोण आलं होतं?"

मी टोपीची घडी घातली. ज्यासाठी आले होते ते आता विचारणं भाग होतं.

"काका, दोन वर्षांपूर्वी मी इथे अहवाल द्यायला आले होते. बरोबर साहेब लोक. लिफ्टमध्ये बाबा होते, तपासणीची फेरी मारत. मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, 'नववा.'"

"माहितीये."

"काय म्हणाले?"

"पोरगी साहेबांच्या पुढे उभी होती म्हणे, मागे नाही. चार दिवस आमचं डोकं खाल्लं त्यानं."

"आणि 'नववा'?"

"तेही सांगितलं. हसत हसत." काकांनी पाना फडक्यात गुंडाळला. "जेवणाचा डबा मात्र उघडला नाही त्या दिवशी."

"मग ते मत माझ्याविरुद्ध होतं?"

"ते त्याला विचारायचंस. हजार लोकांना विचारत फिरतेस, घरात एक होता."

कपाट रिकामं केल्याच्या कागदावर नवव्या मजल्यावरून सही आणायची होती. पर्समध्ये माझा लिफ्टचा पास होता. तो तसाच ठेवून मी जिना धरला. पिशवीत चपला एकमेकींवर आपटत होत्या. पाचव्या मजल्यावर धाप लागली, कठड्याला टेकले, आणि तेव्हा लक्षात आलं, बाबा या जिन्याने फक्त उतरायचे. चढायचे नाहीत. तेही मी उलटंच धरलं होतं.

लिफ्ट बोलावली. ती मजल्याला नेमकी लागली, पायाला कडसुद्धा जाणवली नाही. आत कोणी नव्हतं. बटण मीच दाबलं.