अफू नसलेलं औषध

देवासहून आलेल्या मोरोपंतांच्या पत्राला होळी सरली तरी जानकीबाईंनी उत्तर धाडलं नव्हतं. भावानं प्रेमानंच लिहिलं होतं, ‘श्रीपादला माझ्याकडे पाठव. औषधांच्या दुकानात बसेल, धंदा शिकेल.’ वर्षापूर्वी हे वाचून त्यांनी देवापुढे साखर ठेवली असती.

गेल्या पावसाळ्यात श्रीपादला मुतखडा झाला. पोर कळांनी गडबडा लोळे. त्यांच्या धारच्या घरात अफू वर्ज्य. यजमान हयात असताना नालछ्याकडच्या लग्नांत पाण्यात घोळलेली अफू पुढे आली, की ते हात जोडून उठत. म्हणून जानकीबाईंनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, “यात अफू नाही ना?”

“नाही हो. पेथिडिन. कळ मारणारी सुई, कारखान्यात बनते.”

त्या निर्धास्त झाल्या. खडा पडला, सुई राहिली. सोळा वर्षांचं पोर कंपाउंडरकडून चोरून कुप्या आणू लागलं.

ओट्यावर पेंगणाऱ्या श्रीपादला पाहून शेजारचे फत्तेसिंग हसले. ते स्वतः रोज अफूची गोळी घेत. “क्यों भिया, हमारा अमल देसी, तुम्हारा विलायती?”

जानकीबाईंनी पोराला आत ओढून दार लावलं.

“माई, मामाला हो लिही ना,” श्रीपाद रोज मागे लागे. “वहाँ मन लगेगा मेरा.”

“कुप्यांच्या कपाटापाशी?”

तो नाक पुसत राही. हो लिहावं तर पोर आगीत लोटायचं. नाही लिहावं तर भाऊ कारण विचारणार. खरं लिहावं तर सगळ्या नात्यागोत्यात पोराची अब्रू जाणार. त्या दौत उघडत आणि पुन्हा झाकून ठेवत.

एका दुपारी तो जेवायला उठेना. ओठ निळे पडले होते, श्वास मधूनच येई. जानकीबाईंनी त्याला बसतं केलं, तोंडावर पाणी मारलं, गालांत मारल्या, हाका मारून घसा बसला. कितीतरी वेळानं त्यानं डोळे उघडले.

“मामाला लिहिलंस?”

त्यांनी तिथेच दौत ओढली. श्रीपाद भिंतीला टेकून बघत होता. हिंदी शाळेतलं पोर, आईचं अक्षर लावत लावत वाचू लागलं: “‘दुकानात नको. त्याला… त्याच सुईची… सवय लागली आहे. कपाटाला कुलूप घाल आणि तू स्वतः ये. माझ्याच्यानं एकटीनं…’ माई, ये मत भेज. सगळ्यांना कळेल.”

“कळू दे.”

“मी सोडतो ना. कसम से.”

“सोड. मामा आला तरी सोडता येईल.”

तो दारात आडवा उभा राहिला, पण पायांत बळ नव्हतं. जानकीबाईंनी त्याला धरून खाटेवर बसवलं, शेजारच्या भवानीबाईंना त्याच्यापाशी बसायला हाक मारली, आणि भर उन्हात चौकात जाऊन पत्र पेटीत टाकलं.