कितिओनेच्या छातीतली गाठ

नेयाफू या बेटावरच्या गावातल्या चर्चमध्ये कितिओने एकवीस वर्षं गाणं शिकवत होता आणि तेवढीच वर्षं सगळ्यांना टोचून बोलत होता. खोकला हटेना म्हणून त्याने एक्स-रे काढला. श्वासनळीला चिकटून उजवीकडे लिंबाएवढी सावली दिसली. तरुण डॉक्टर हलाफिही म्हणाला की गाठ आहे, सुईने तुकडा काढावा लागेल. चेहरा मात्र असा केला, जणू तपासायचं काही उरलंच नाही.

संध्याकाळपर्यंत गावाने कितिओनेला अर्धा पुरला. बहिणी मयताला द्यायच्या चटया घेऊन आल्या, चुलतभावाने पंगतीसाठी डुक्कर कापलं. ज्यांना तो बेसूर म्हणायचा, त्यांनी त्याचा हात धरून त्याला माफ केलं. कितिओने घाबरला होता, पण एवढा मान त्याला जन्मात मिळाला नव्हता. त्याने पाद्रीबाबांना सांगून टाकलं की तुमच्या प्रवचनात देवालाही डुलकी लागत असेल. पाद्रीबाबा डोळे पुसत हसले. मग त्याने बायकोलाही सोडलं नाही. मेलेनाइतेच्या हाताचं अळूच्या पानात शिजवलेलं मटण आपल्याला तीस वर्षांत एकदाही आवडलं नाही, असं तो म्हणाला. ती बिचारी नुसती रडली.

राजधानीतल्या मोठ्या डॉक्टरीणबाई लुपे यांनी सुईला साफ नकार दिला. नसेत रंग सोडून स्कॅन केला, तर ती गाठ रंगाने भरून उजळली.

"ही शीर आहे, बाबा," त्या म्हणाल्या. "पोटातून वर रक्त नेणारी मोठी शीर तुम्हाला जन्मापासून अर्धवट आहे. ते सगळं रक्त हिच्यातून जातं, म्हणून ही फुगलीय, बाकी धोका काही नाही. सुई घातली असती तर रक्त थांबवताना आमच्या नाकी नऊ आले असते."

हलाफिही फोनवर म्हणाला की आपल्याला शंका होतीच.

कितिओने बोटीने परत येऊन गावच्या धक्क्यावर उतरला तेव्हा लोक हसले खरे, पण पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तसे. बहिणींनी चटया परत नेल्या. गाण्याचा वर्ग चुलतभावाकडे गेला होता, तो तिथेच राहिला. रविवारी पाद्रीबाबा जिभेवरच्या ताब्याबद्दल दीड तास बोलले.

मेलेनाइतेने आधी त्याला घट्ट धरून रडून घेतलं.

"जगलास, फार बरं झालं," ती म्हणाली. "आता चूल तू बघ."